सहा वर्षं आठ महिने

बाईंनी स्टीलचा चमचा औषधांच्या ट्रेवर जोरात आपटला. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठून बसला, दारातली नर्स गर्रकन वळली, आणि ज्याच्यासाठी एवढा आवाज केला तो मेकॅनिक पाठमोरा बसून खिडकीबाहेर बघत राहिला.

"अजून एकदा करा," त्याची बायको म्हणाली. "कधी कधी लक्ष नसतं त्यांचं."

बाईंनी पुन्हा चमचा आपटला. मग फॉर्मवर 'दोन्ही कान' असं लिहिलं आणि तारीख घातली. त्या या रुग्णालयाच्या औषध विभागाच्या प्रमुख. वॉर्डात फिरणं हे काही त्यांचं रोजचं काम नव्हे. एखाद्या औषधाने कुणाचं वाईट केलं असेल तरच त्या वर यायच्या, त्यामुळे हातात फॉर्म घेतलेल्या बाई जिन्यात दिसल्या की नर्सेस एकमेकींकडे बघत. या एका इंजेक्शनसाठी वर्षभरात भरलेला हा सहावा फॉर्म होता.

"तीन दिवस मला वाटलं, रागावलेत," बायको सांगत होती. "ताप उतरला, डोळे उघडले, पण हाक मारली तर बघायलाच तयार नाहीत. मग मीही बोलणं टाकलं. तीन दिवस आम्ही अबोला धरून बसलो होतो, ताई."

मेकॅनिकने एव्हाना वळून बाईंच्या हातातला चमचा पाहिला होता. त्याने तो मागून घेतला. शेजारच्या खाटेजवळ म्हाताऱ्याच्या छातीतला कफ ओढणारं यंत्र घरघरत होतं. मेकॅनिकने वाकून चमच्याचं टोक यंत्राच्या पत्र्याला लावलं आणि दुसरं टोक कानामागच्या हाडावर टेकवलं. तीस वर्षं तो मोटारी आणि पंप असेच तपासत आला होता. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागे टेकवायची, डोळे मिटायचे, आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचं. त्याने डोळे मिटले. चमचा थोडा डावीकडे सरकवला, मग खाली.

"बंद आहे ना हे?" त्याने गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात विचारलं.

यंत्र चालू होतं.

"परत येईल ना ऐकू?" बायकोने हळूच विचारलं, जसं काही त्याला ऐकू जाईल.

"नाही," बाई म्हणाल्या. हे वाक्य गोल करून सांगायची एक पद्धत असते. पहिल्या दोन फॉर्मांच्या वेळी बाईंनी ती वापरून पाहिली होती. त्याने घरच्यांचे नुसते चार-सहा आठवडे आशेवर जातात. "रक्तात जंतू पसरले होते. इंजेक्शन दिलं नसतं तर ते वाचलेच नसते कदाचित."

"दुसरं काही नव्हतं?"

नव्हतं असं म्हणता आलं असतं.

"होतं. ते आपण इथे ठेवत नाही."

"कुणी ठरवलं?"

बाईंनी फॉर्मची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. उत्तर टाळायचं होतं असं नव्हे. खरं उत्तर असं होतं की कुणीच ठरवलं नव्हतं.

ते झाडाने ठरवलं होतं. बाई त्याला झाडच म्हणत. मोठ्या कागदावर डावीकडे एक चौकोन, त्यातून दोन फांद्या, एक जुन्या इंजेक्शनची, एक नव्याची. प्रत्येक फांदीला पुढे आणखी फांद्या फुटतात: किती जगतात, किती मरतात, किती जण बहिरे होऊन जगतात. प्रत्येक टोकाला एक आकडा. शेवटी गुणाकार, बेरीज, आणि ज्या फांदीचा आकडा मोठा ती आपली. बाई हे शास्त्र मन लावून शिकल्या होत्या. याआधी रुग्णालयात औषधं कशी ठरायची ते त्यांनी पाहिलं होतं. ज्याचा आवाज मोठा त्याचं औषध, नाहीतर ज्याचा प्रतिनिधी गोड बोलणारा त्याचं. झाडाला आवाज नसतो, मेहुणा नसतो, बढतीची घाई नसते. निर्णय कुणी घ्यावा लागत नाही, तो निघतो. बाईंना त्याची हीच गोष्ट फार आवडायची.

या झाडाचा हिशेब साधा होता. जुनं इंजेक्शन दिलं तर शंभरातले दहा दगावतात, आणि वाचलेल्यांपैकी नऊ जणांचे कान कायमचे जातात. आधी तपासण्या करून फायदा नाही. कान चाललेत हे कळतं तेव्हा ते गेलेले असतात. नव्या इंजेक्शनने कान शाबूत राहतात, पण शंभरातले तेरा दगावतात. दोन्ही ठेवायची सोय नव्हती, कारण नवं इंजेक्शन वर्षभराची मागणी एकदम नोंदवली तरच मिळायचं. म्हणजे एका पारड्यात तिघांचे जीव आणि दुसऱ्यात नऊ जणांचे कान. दगडापेक्षा वीट मऊ म्हणायचं, तर आधी यातला दगड कुठला आणि वीट कुठली ते ठरवायला हवं.

त्यासाठी एकच आकडा हवा होता: ऐकू न येता जगलेलं एक वर्ष हे धडधाकट वर्षाच्या तुलनेत किती मोलाचं? बाईंनी तो बाहेरच्या अहवालांत शोधला. प्रत्येक अहवालाचं वेगळंच. ज्यांचे कान चांगले आहेत अशा अकरा जणांना विचारलं, तर निम्मे म्हणाले, त्यापेक्षा मेलेलं बरं, आणि निम्मे म्हणाले, त्यात काय एवढं. ज्याचे कान कालच गेलेत त्याला विचारण्यात अर्थ नाही, तो दुःखात काहीही म्हणेल. मग एका बुधवारी त्यांच्या लक्षात आलं की काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय. त्यांच्याच भांडारात काका होते.

काका तेवीस वर्षांपूर्वी याच रुग्णालयात, याच इंजेक्शनने वाचले आणि याच इंजेक्शनने बहिरे झाले. दोन वर्षांनी कुणाला तरी दया आली आणि त्यांना भांडारात घेतलं. तेव्हापासून कुप्यांच्या मुदती तपासणं, वॉर्डांचे ट्रे भरणं हे काम त्यांच्याकडे. एकवीस वर्षांत एक ट्रे चुकला नव्हता. बोलणं शाबूत होतं, फक्त आवाजातला चढउतार गेला होता, त्यामुळे त्यांनी विनोद केला की तो विनोद आहे हे समोरच्याला जरा उशिरा कळायचं. "मी या खात्यात कुणाशी न भांडता एवढा टिकलो," ते म्हणायचे, "कारण तुम्ही सगळे काय बोलता ते मला माहीत नाही."

बाईंनी त्यांना छापील प्रश्न दिला होता. समजा तुमच्यापुढे दहा वर्षं आहेत, आजच्यासारखी, ऐकू न येता जगायची. किंवा कान पहिल्यासारखे होतील, पण वर्षं कमी मिळतील. कमीत कमी किती वर्षं मिळाली तर तुम्ही ही अदलाबदल कराल?

काकांनी तो दोनदा वाचला, खिशातून पेन काढलं आणि लिहिलं: साडेनऊ. म्हणजे कानांसाठी आयुष्यातले फक्त सहा महिने द्यायची तयारी. आकडा झाडावर चढला आणि जुनं इंजेक्शन आरामात जिंकलं. बाईंनी नियमाप्रमाणे तळाशी एक ओळ घातली होती: हा आकडा सहा वर्षं आठ महिन्यांच्या खाली गेला तर निर्णय उलटतो. औषधं ठरवणाऱ्या समितीत मोठ्या डॉक्टरांनी ती ओळ वाचली आणि म्हणाले, "साडेनऊ कुठे आणि हे कुठे! पण एकाच माणसाचा आकडा?"

"ज्याचं जळतं त्याला कळतं," बाई म्हणाल्या होत्या. तेव्हा त्यांना ते वाक्य स्वतःलाच आवडलं होतं.

वर्षभरात एकोणसत्तर जणांना इंजेक्शन दिलं गेलं. सात जण दगावले, सहा जणांचे कान गेले. झाडाने सांगितलं होतं जवळजवळ तेवढेच. उद्या दुपारी समितीची बैठक होती, पुढच्या वर्षाची मागणी नोंदवायला.

बाई वॉर्डातून खाली भांडारात आल्या. काका फळीवरच्या कुप्या पुढे-मागे करत होते. बाईंनी टेबलावरचं पॅड ओढून लिहिलं: वर एक जण आहे. तुमच्यासारखं झालंय. भेटाल का? धीर येईल त्याला.

"कुठलं इंजेक्शन?" काकांनी विचारलं.

बाईंनी लिहिलं: तेच.

काकांनी हातातली कुपी फळीवर ठेवली, तिचं लेबल समोर येईल अशी वळवली, आणि पॅड घेऊन जिन्याकडे निघाले.

वॉर्डात ते मेकॅनिकच्या खाटेवर टेकले. दोघांच्याही जिभा धड होत्या आणि दोघंही पेन्सिलीने बोलत होते. बाई दाराशी थांबल्या. काका काहीतरी लिहून हसले, मेकॅनिकच्या पाठीवर थाप मारली. मेकॅनिकही ओठ ताणून हसल्यासारखा झाला. बाईंना बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच खांदे सैल पडले. चला, एक काम तरी नीट झालं, असं म्हणून त्या परत खाली जायला वळल्या, तेवढ्यात बायको मागून आली. तिच्या हातात पॅडचा फाडलेला कागद होता.

"ताई, हे वाचा. तुमच्या माणसाने लिहिलंय."

कागदावर दोघांची अक्षरं होती, एक थरथरतं, एक टपोरं. टपोरं अक्षर बाई रोज ट्रेवरच्या चिठ्ठ्यांवर बघत.

सवय होते का?

तेवीस वर्षं झाली. नाही.

काम मिळतं?

मिळतं. पण कामाला जाऊन घरी यावं लागतं.

घरी काय?

घरात सगळे हसले की मीही हसतो. कशाला हसले ते आधी लिहून द्यायचे. आता 'काही नाही' म्हणून हात हलवतात. तुझ्या बायकोला सांग, लिहिणं सोडू नकोस. पहिलं वर्ष सगळेच लिहितात.

बायको बाईंच्या तोंडाकडे बघत होती. बाईंनी कागद तिला परत दिला आणि जिन्याचा कठडा धरून खाली उतरल्या. त्यांना साडेनऊ आठवत होते.

भांडारातल्या कपाटात गेल्या वर्षीची फाइल होती. अकरा ऐकणाऱ्यांचे फॉर्म आणि बारावा काकांचा. बाईंनी बाराही टेबलावर मांडले. अकरा फॉर्मांवर आकडा होता, बाकी काही नाही. सहीसाठी जागाच छापलेली नव्हती, तिची गरजही नव्हती. काकांच्या फॉर्मवर आकड्याखाली ओळ होती: माझे काहीही अडत नाही, काही तक्रार नाही. त्याखाली सही, पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. आणि कागदाच्या डोक्यावर रुग्णालयाचं बोधचिन्ह. टायपिस्टकडे त्या दिवशी तोच कागद शिल्लक होता.

बाईंनी तारीख वाचली आणि हळूहळू मान वर करून सूचनाफलकाकडे पाहिलं. नव्या सूचनांच्या खाली जुन्या सूचना तशाच टाचलेल्या होत्या. त्यांनी उठून वरचे चार कागद उचलले. ते परिपत्रक तिथेच होतं. शारीरिक मर्यादेमुळे नव्या संगणकावर काम करू न शकणाऱ्या कर्मचाऱ्यांची यादी, सेवेच्या फेरविचारासाठी, विभागप्रमुखांनी तातडीने पाठवावी. तारीख सोमवारची. प्रश्न विचारला तो बुधवारचा. टाचणी बाईंनी स्वतःच्या हाताने खुपसली होती.

त्या परिपत्रकाला बाईंनी त्याच संध्याकाळी 'निरंक' लिहून उत्तर धाडलं होतं आणि विसरून गेल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने ते एका मिनिटाचं काम होतं.

काका वरून आले तेव्हा फॉर्म टेबलावर होता. बाईंनी सहीवर बोट ठेवलं.

काकांनी आधी दाराकडे पाहिलं. मग फलकाकडे. मग त्यांच्या त्या सपाट आवाजात विचारलं, "यादी वर गेली का?"

बाईंनी लिहिलं: निरंक. त्याच दिवशी. कुणाचंच नाव नव्हतं.

काकांनी ते वाचलं. तो शब्द दुसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ हलले. वर्षभर हा माणूस रोज सगळ्यांच्या आधी येऊन फळ्या पुसत होता, आणि बाईंना वाटायचं की वय झालं तरी कामाची केवढी हौस.

"मला कुणी सांगितलं नाही," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "सांगितलंही असेल."

हा विनोद होता हे बाईंना उशिरा कळलं. त्यांना हसू आलं नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली. मग त्यांनी कोरा कागद घेतला, बोधचिन्ह नसलेला, आणि तोच प्रश्न हाताने लिहून काढला. खाली लिहिलं: हे फक्त औषधासाठी. तेव्हाही होतं.

"औषधासाठी म्हणजे?"

बाईंनी झाड त्यांच्यापुढे पसरलं. काका फांद्यांवरून बोट फिरवत गेले. मुदती तपासायची सवय असलेलं बोट, एकही आकडा न सोडणारं. साडेनऊपाशी ते थांबलं.

"हा मी?"

बाईंनी मान हलवली.

"यावर ठरलं?"

पुन्हा मान.

"वरचा तो कितवा?"

बाईंनी सहा बोटं दाखवली. काका खुर्चीत बसले. बाईंच्या समोर, न विचारता, ते याआधी कधी बसले नव्हते.

"ट्रे मीच भरले," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी वाटायचं, एवढ्या मोठ्या माणसांनी ठरवलंय तर विचार करूनच ठरवलं असेल."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. काकांनी पेन घेतलं आणि कोऱ्या कागदावर एकच आकडा लिहिला: चार. पेन खाली ठेवलं, आणि पुन्हा झाडाकडे वळले.

"चार घातले की काय होतं?"

बाईंनी नव्या इंजेक्शनच्या फांदीवर बोट ठेवलं. तेरा. मग जुन्याच्या. दहा. आणि मधल्या जागेत लिहिलं: तीन जास्त.

काकांनी त्या तीनवर बोट ठेवलं. "तेव्हा मला ते नवं दिलं असतं, तर मी या तिघांतला असतो?"

बाईंनी लिहिलं: असू शकला असता.

"हं." त्यांनी कागद आपल्याकडे ओढला. बाईंना वाटलं, आता खोडतील. मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात त्यांना ते हवंही होतं. सात लिहिले असते तरी पुरलं असतं. सगळं होतं तसं राहिलं असतं आणि निर्णय पुन्हा कुणाचाच नसता.

"तरी चारच," काका म्हणाले आणि कागद परत सरकवला. त्यावर त्यांनी सही केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी समितीच्या खोलीत पाच माणसं होती. मोठे डॉक्टर माणूस वाईट नव्हते. कागद मन लावून वाचायचे आणि वाचताना चष्मा कपाळावर चढवायचे. शेजारी प्रशासन अधिकारी बसले होते, ज्यांच्या सहीने ते परिपत्रक निघालं होतं.

"गेल्या वर्षी साडेनऊ, यंदा चार," मोठे डॉक्टर म्हणाले. "आणि निर्णय उलटा. बाई, वर्षभरात तुमच्या त्या माणसाला एवढं काय झालं?"

"पहिलं उत्तर चुकीचं नोंदवलं गेलं होतं. चूक माझी."

"चुकीचं कसं? लेखी होतं ना?"

"ते भांडारातलेच ना, कानाने अधू आहेत ते?" प्रशासन अधिकाऱ्यांनी वही उघडली. "बोलावून घेऊ या. आधी एक आणि नंतर एक लिहून देतात म्हणजे काय? त्यांचं नाव काय हो?"

बाईंनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे वाक्य तयारच होतं. ते म्हटलं की दरवाजा उघडायचा, काकांना खुर्ची द्यायची, आणि पाच माणसांनी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं. वहीत नाव चढायला तेवढं पुरेसं होतं.

"कुणाला बोलवायला नको," बाई म्हणाल्या. "हा आकडा माझा आहे."

"तुमचा? तुमचे कान तर उत्तम आहेत."

"हो."

"मग कशाच्या आधारावर?"

"मी सहा फॉर्म भरले, डॉक्टर. सहाही वेळा मीच आवाज करून पाहिला."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर उतरवला. ते रागावले नव्हते, म्हणूनच पुढचा प्रश्न त्यांनी सावकाश विचारला.

"यात शंभरामागे तीन माणसं जास्त जाणार, हे तुम्हीच लिहिलंय. गेल्या वर्षी मला बरं होतं. कुणी विचारलं तर हिशेबाकडे बोट दाखवता यायचं. यंदा विचारलं, ही तीन माणसं कुणाची, तर काय सांगू?"

"तीही माझीच," बाई म्हणाल्या.

प्रशासन अधिकाऱ्यांचं पेन उघड्या वहीवर तसंच राहिलं. मोठ्या डॉक्टरांनी कागद पुन्हा वरपासून वाचायला घेतला, फांदी न् फांदी, आणि तळाशी येऊन थांबले. तिथे सहीसाठी जागा छापलेली नव्हती. सहा वर्षं आठ महिन्यांच्या ओळीखाली बाईंची सही होती, पूर्ण नाव, हुद्दा आणि तारीख.